जिल्ह्यापेक्षा जुना ट्रॅक्टर

जुना छोटा ट्रॅक्टर म्हणजे 15 ते 25 अश्वशक्तीचा असा ट्रॅक्टर, ज्याचे माहितीपुस्तक हरवलेले असते, तासमीटर कधीचे थांबलेले असते आणि ज्याची किंमत विकताना एक व भाड्याने मागायला आलेल्या पाहुण्याला सांगताना दुसरी असते. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील इंझोरी आणि आसपासच्या गावांत त्याचे वय ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या काही वर्षांत नोंदलेल्या इथल्या ट्रॅक्टरच्या पाटीवर एमएच 30, म्हणजे अकोला असते; वाशीमला पुढे एमएच 37 मिळाले. इथला एमएच 30 वाला ट्रॅक्टर बहुधा जिल्ह्यापेक्षा वयाने मोठा असतो आणि घरातल्या आजोबांसारखा वागतो. सकाळी उठायला वेळ लावतो, उठल्यावर आधी खोकतो, आणि एकदा कामाला लागला की तरुणांचे ऐकत नाही.

या मंडळींत घराणी बरीच आहेत. आयशरचा पहिला ट्रॅक्टर 24 एप्रिल 1959 रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याच घराण्यातला 242 हा एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा, 25 अश्वशक्तीचा गडी. त्याचा आवाज धुऱ्यावरून घरापर्यंत पोचतो आणि तो थांबला की घरात भाकरी टाकायला घेतात. एचएमटीने 1971 मध्ये पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या मदतीने 25 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला. स्वराज 724 हा 1974 चा. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाला. बंगळूरच्या व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती तीन सिलिंडरचा आणि इतका बुटका की संत्र्याच्या झाडाखालून जाताना चालवणाऱ्यालाच वाकावे लागते. पुढे कंपन्यांच्या सोयरिकी बदलल्या. आयशरचे ट्रॅक्टर 2005 मध्ये टॅफेकडे गेले, स्वराज 2007 मध्ये महिंद्राकडे गेले, आणि एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. पारावर या घडामोडींची दखल घेतलेली नाही. तिथे आयशरवाले आणि स्वराजवाले अजून जुन्याच मुद्द्यांवर भांडतात. एचएमटीवाले कमी बोलतात, पण सुटे भाग कुठे मिळतात हे कोणालाही सांगत नाहीत.

यात अलीकडची भर सामाजिक न्याय विभागाच्या योजनेची. तिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व त्याची अवजारे 90 टक्के अनुदानावर मिळतात. अशा ट्रॅक्टरला मालक अनेक आणि पाना एक असतो. तो पाना शेवटच्या वेळी कोणाकडे होता, हा गटाच्या बैठकीतला कायमचा विषय.

जुना ट्रॅक्टर घरी दुरुस्त होतो याचे कारण माणसाच्या हुशारीत नसून यंत्राच्या साधेपणात आहे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की ते आपोआप पेटते. त्यामुळे एकदा सुरू झालेल्या जुन्या इंजिनाला बॅटरीचे काही काम उरत नाही. ते बंद करायलाही किल्ली पुरत नाही, बाहेर तोंड काढून ठेवलेली एक दांडी ओढून पंपाचे डिझेल तोडावे लागते. म्हणूनच बॅटरी गेलेला ट्रॅक्टर वर्षानुवर्षे उतारावर उभा करून चालवता येतो. गावात ज्याच्या घरासमोर उतार आहे, त्याला बॅटरी सहसा नवी लागत नाही. सपाटीवर राहणाऱ्याला शेजारी मात्र चांगले ठेवावे लागतात.

दुरुस्तीचा हंगाम हरभरा आणि गहू निघाल्यावर सुरू होतो, निदान व्हायला तरी हवा. मार्च ते मे हे तीन महिने ट्रॅक्टर अंगणात मोकळा असतो. प्रत्यक्षात बॉनेट उघडते ते 25 मेच्या सुमारास रोहिणी लागल्यावर. तेव्हा मिरगाला दोन आठवडे उरलेले असतात, जवळच्या कारंजा शहरातल्या दुकानांत रांग लागलेली असते आणि मिस्तरी फोन उचलत नाही. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. या सल्ल्याचा सर्वांत मोठा लाभ ज्यांचा ट्रॅक्टर अजून उघडा पडलेला आहे त्यांना होतो.

दुरुस्तीला लागणारी साधने म्हणजे रिंग पान्यांचा संच, गोटी पाने, पेचकस, हातोडी, जॅक, बाभळीचे ओंडके, ग्रीस गन, जुनी धोतरे आणि पाच-सात माणसे. यातली माणसे बोलवावी लागत नाहीत. बॉनेट उघडल्याचा आवाज होताच ती जमतात. त्यांत एक चुलता असतो, एक ज्याने पूर्वी ट्रकवर क्लिनर म्हणून काम केले आहे तो असतो, आणि एक जण असा असतो की त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर कधीच नव्हता, त्यामुळे त्याचे मत निःपक्षपाती मानले जाते. या मंडळाची कामाची रीत ठरलेली आहे. तपासणीच्या आधी निकाल लागतो आणि निकाल नेहमी सर्वांत महाग भागाविरुद्ध लागतो.

"पंप गेला."

"पंप नाई, रिंगा गेल्या. इंजिन बांधा लागते आता."

"म्या तं पैलेच सांगतलं होतं, इकून टाका म्हणून."

इंजिन बांधणे म्हणजे ते पूर्ण खोलून पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंगे बदलणे. त्यासाठी लेथवाल्याकडे जावे लागते, पंप तपासणीच्या बाकावर न्यावा लागतो आणि खर्चाचा आकडा तुरीच्या भावाशी जोडला जातो. जुन्या ट्रॅक्टरच्या दुखण्यांतली बरीचशी मात्र तीन फुकटच्या गोष्टींनी होतात: डिझेलमध्ये हवा, डिझेलमध्ये पाणी आणि हवेत धूळ. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज पोचता येणारी जागा आधी पाहावी, हा दुरुस्तीचा पहिला नियम आहे. पारावरचा नियम याच्या बरोबर उलटा आहे, आणि सुट्या भागांची दुकाने त्यावर व्यवस्थित चालतात.

काम धुण्यापासून सुरू होते. वर्षभराची काळी माती, डिझेल आणि ग्रीस यांचा थर इतका घट्ट बसलेला असतो की तो काढल्यावर काही ठिकाणी ट्रॅक्टरचा रंग पहिल्यांदाच दिसतो. हा थर आधी लाकडी पट्टीने खरवडावा, मग रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसावा आणि शेवटी पाण्याने धुवावे. डायनामो, सेल्फ आणि एअर क्लीनरचे तोंड यांवर आधी पॉलिथिन बांधावे. घरात धुणे वाळत घातले असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी ढकलावे. हा सल्ला कोणत्याच माहितीपुस्तकात नाही, पण त्याच्या अभावी थांबलेली कामे अनेक आहेत.

धुतल्यावर दिसते की तेल नेमके कुठून झिरपते. मळलेल्या इंजिनावर गळती सगळीकडेच असते, स्वच्छ इंजिनावर ती एका सीलपाशी सापडते.

त्यानंतर धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे, किंवा सिलिंडरमध्ये पाणी येते आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. यात रिंगांचा संशय रास्त. सकाळच्या थंडीत थोडा वेळ पांढरा धूर आला तर ते दुखणे नसते. सल्लागार मंडळात धुराच्या रंगावर एकमत होत नाही. एकाच धुराला चुलता निळा म्हणतो, क्लिनर काळा म्हणतो आणि निःपक्षपाती सदस्य तोवर चहा आला का ते पाहून येतो.

काळ्या धुराची चौकशी एअर क्लीनरपासून करावी. जुन्या ट्रॅक्टरवर तो तेलाचा असतो. हवा तेलाच्या वाटीवरून जाते, धूळ तेलात अडकते आणि स्वच्छ हवा जाळीतून इंजिनात जाते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ही वाटी आठवडाभरात चिखलाने भरते. ती काढून तळातला गाळ खरवडावा, डिझेलने धुवावी आणि आतल्या खुणेपर्यंत नवे तेल भरावे. खुणेच्या वर भरू नये. "थोडं जास्त राहू द्या" हे तत्त्व वरणावरच्या तुपाला लागू असले तरी येथे ते महागात पडते. जास्तीचे तेल इंजिन ओढून घेते, ते तेलच जळू लागते आणि दांडी ओढूनही इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढवते. अशा वेळी हवेचे तोंड लाकडी फळीने बंद करावे, हाताने नाही. त्या क्षणी सल्लागार मंडळ ट्रॅक्टरपासून बरेच दूर गेलेले असते आणि तेथूनच सल्ला देत असते.

ट्रॅक्टर सुरू होऊन थोड्या वेळात घुर् घुर् करत बंद पडणे, हे डिझेलमध्ये हवा शिरल्याचे लक्षण. गावात त्याला "हवा घेतली" म्हणतात. टाकी कोरडी पडेपर्यंत चालवणे, फिल्टर बदलणे, किंवा नळीच्या जोडावरचे वॉशर खराब होणे, ही त्याची कारणे. टाकी कोरडी पडण्याचे कारण मात्र नेहमी एकच: "धुऱ्यापर्यंत जाईन म्हटलं होतं." नोझलमधून डिझेल उडायला साधारण 175 ते 200 बार दाब लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही. पंप बिचारा ठीक असतो, पण वाऱ्यावर जोर करून थकतो. आणि मंडळाने तर त्याला आधीच दोषी ठरवलेले असते.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे जातो. टाकीत डिझेल आहे याची डोळ्यांनी खात्री करावी. कोणाच्या शब्दावर विसंबू नये. फिल्टरखालच्या वाटीतले पाणी आणि गाळ सोडून द्यावा. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाची हातदांडी वरखाली करत राहावी. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार येते. तेव्हा स्क्रू आवळावा. मग हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारावा, डिझेल ठिबकू लागले की आवळावे. नोझलचा फवारा हातावर घेऊन पाहण्याची एक जुनी हौस आहे, ती टाळावी. तो फवारा कातडी भेदून आत जातो आणि ती जखम बाहेरून सुईच्या टोकाएवढी दिसली तरी दवाखान्यात ताबडतोब न्यावी लागते.

सर्व करूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा शिरली तर ती कुठून येते हे शोधावे. बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे पोकळ बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर निघते. ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ होते आणि पुन्हा बसते. चुलीवर हे काम पाच मिनिटांचे आहे. मंडळाने सुचवलेला पर्याय अकोल्याला जाऊन पंप खोलून आणण्याचा असतो. अकोल्याला जायला तिघे तयार असतात. चुलीजवळ बसायला एकही नाही.

डिझेलमधल्या पाण्याची गोष्ट याहून साधी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आत दव धरते, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवणे चांगले. डिझेल आणायची डबकी आदल्या दिवशी फवारणीच्या पाण्याला वापरली असेल, तर त्यात टाकीचा दोष नाही.

इंजिन ऑइल इंजिन गरम असताना सोडावे, म्हणजे गाळ सोबत निघतो. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे आणि ट्रॅक्टर तसाच चालवू नये. टॅपेटची फट फिलर गेजने मोजतात; ती मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते, पण नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. माहितीपुस्तक हरवलेले असते, म्हणून गावात हा आकडा तोंडी परंपरेने चालत आलेला आहे आणि प्रत्येक घराण्याची परंपरा वेगळी आहे. कंपनीच्या विक्रेत्याकडे विचारल्यास योग्य आकडा मिळतो, हे सांगितल्यावर सर्वांना थोडा अपमान वाटतो.

रेडिएटर असलेल्या ट्रॅक्टरात बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे घातले की आत चुन्याचा थर बसतो. मग एप्रिल-मेच्या उन्हात, पारा 42 च्या पुढे गेला की, ट्रॅक्टर वाफ सोडू लागतो. उपाय म्हणजे रेडिएटर साफ करून त्यात कूलंट घालणे. गरम असताना टोपी उघडू नये, हे सर्वांना माहीत असते आणि प्रत्येक गावात एकाला अनुभवानेही माहीत असते. हवेवर थंड होणाऱ्या 242 ला रेडिएटरच नाही. त्याच्या सिलिंडरभोवतालच्या पंखांमध्ये भुसा आणि माती अडकते, ती काढावी लागते. तरीही पाणी किती टाकता असे त्याच्या मालकाला विचारणारा कोणीतरी भेटतोच.

सगळ्यांत मोठा कार्यक्रम क्लचचा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसलेली असते, आणि तिथे पोचायला दुसरा रस्ता नाही. ट्रॅक्टरचे मधोमध दोन तुकडे करावे लागतात. बॉनेट, वायरी, डिझेलची नळी, स्टिअरिंगचा जोड हे सगळे सोडवून पुढचा अर्धा भाग इंजिनासह पुढे ओढायचा असतो. इथे एक बाब न विसरता करावी. पुढचा आस मध्यावरच्या पिनवर डोलतो, म्हणजे मागचा आधार सुटला की इंजिन कोणत्याही बाजूला कलंडू शकते. म्हणून आस आणि इंजिनाच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात, दोन्ही अर्ध्यांखाली बाभळीचे ओंडके घट्ट बसवावेत आणि नुसत्या जॅकवर काहीही सोडू नये. खाली कोणी असेल तर वर कोणी बसू नये. शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण काम पाहायला आलेला माणूस बसण्यासाठी सीटच शोधतो.

दोन तुकडे झालेला ट्रॅक्टर अंगणात पाहिला की घरातली वडीलधारी मंडळी पहिल्यांदा गंभीर होतात. आतापर्यंतची दुरुस्ती त्यांना खेळ वाटत असते. मुले मात्र दोन तुकड्यांच्या मधून आरपार जाण्याचा आनंद घेतात, त्यांना बाहेर काढावे लागते.

प्लेट का घासली, हा प्रश्न मग निघतो. क्लचच्या पेडलवर कायम पाय ठेवून चालवल्याने ती घासते. पेडलला मोकळी चाल ठेवलेली असते ती यासाठीच, पण पाय ठेवणाऱ्याने ती कधीच संपवलेली असते. पाय कोणाचा होता, याची चौकशी घरात होत नाही. त्या वेळी घरातला तरुण मुलगा कारंजाला प्लेट आणायला गेलेला असतो. नवी प्लेट बसवताना ती मध्यावर आणण्यासाठी गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या जाडीचा डमी शाफ्ट लागतो. तो नसेल तर दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांत सहज बसत नाहीत. दोन इंच अंतर राहते आणि तिथेच अडते. मंडळ "जोर लावा, जोर लावा" म्हणते. जोर लावला तर आटे आणि प्लेट दोन्ही मोडतात. कोणीतरी मागचे चाक थोडे फिरवून, गिअर टाकून शाफ्ट जागेवर आणतो आणि दोन अर्धे खट् आवाजाने मिळतात. हे करणारा माणूस सहसा सकाळपासून एक शब्दही बोललेला नसतो.

हायड्रॉलिक लिफ्ट ही उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची देणगी. तीन दांड्यांवर अवजार धरणारी त्याची रचना 1930 च्या दशकात बाजारात आली. वखर असो की रोटाव्हेटर, इंझोरीच्या काळ्या मातीत ते उचलले जाते ते त्याच तत्त्वावर. लिफ्ट उचलत नसेल तर आधी तेलाची पातळी आणि गाळणी पाहावी. इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली बसत असेल तर आतली सील गळते. लिफ्ट वर असताना अवजाराखाली हात घालू नये. अवजार आधी जमिनीवर ठेवावे.

मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरतात, साधारण 75 टक्क्यांपर्यंत, त्यासाठी वॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा लागतो. पंक्चर काढणाऱ्याला हे आधी न सांगितल्यास तो ओला होतो आणि पैसे जास्त लावतो. डावा आणि उजवा ब्रेक शेतात वेगळे चालतात, रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल खिट्टीने जोडावीत. बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी काढावी आणि शेवटी लावावी.

शेवटी रंग. गंज सँडपेपरने काढून, प्रायमर लावून, वाळू देऊन मगच रंग द्यावा. प्रायमर वाळेपर्यंत थांबायची कोणाची तयारी नसते, कारण तोवर ढग आलेले असतात. रंगाची छटा कंपनीच्या मूळ छटेशी जुळत नाही, म्हणून आयशर थोडा केशरी आणि स्वराज थोडा आकाशी होतो. मग मडगार्डवर कुलदैवताचे नाव येते, बॉनेटच्या बाजूला मुलांची. नातू झाला असेल तर आधीची दोन नावे थोडी सरकवतात.

कागदांचे काम मात्र रंगाच्या आधी करावे. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्या वेळी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतात. क्रमांकावर रंगाचे तीन हात चढलेले असतील तर छाप उमटत नाही. तेव्हा रंग देण्यापूर्वी त्या जागेवर चिकटपट्टी लावावी, आणि ती लावली आहे हे रंगवणाऱ्याला सांगून ठेवावे.